बाबांची हार्डडिस्क, आईचा मोबाईल आणि पुरातून वाचलेले अल्बम: घरातलं सगळं एका जागी कसं आणावं?

हळदपेठ · 9 जून, रात्री 10:12

नमस्कार. बरेच दिवस लिहायचं होतं, आज बसले.

आमचं घर सांगलीत, नदीपासून फार लांब नाही. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या तळमजल्यावर छातीभर पाणी होतं. आईबाबा आधीच मामाकडे गेले होते. अल्बम लोखंडी कपाटाच्या खालच्या दोन कप्प्यांत. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर सगळी पानं एकमेकांना चिकटून एकच चवड झालेली. आत्याच्या लग्नाचा अल्बम पूर्ण गेला. आजोबांचे थोडे फोटो वरच्या कप्प्यात होते, ते वाचले.

तेव्हापासून बाबांनी एकच ध्यास घेतला, उरलंय ते सगळं कॉम्प्युटरवर आणायचं. दुपारचा चहा झाला की स्कॅनरपाशी बसायचे. फोन केला की सांगायचे, आज बावीस झाले, आज तीस झाले.

यंदा फेब्रुवारीत बाबा गेले. आता हे सगळं माझ्याकडे आलंय. दोन एक्स्टर्नल हार्डडिस्क (त्यातली एक लावली की टकटक आवाज येतो आणि दिसतच नाही), एक जुना डेस्कटॉप, नऊ पेनड्राइव्ह, चाळीसेक सीडी, आणि आईचा मोबाईल, ज्यात व्हॉट्सॲपवरून आलेले धरून 31 हजार फोटो आहेत. एकच फोटो पाच ठिकाणी सापडतो. स्कॅनच्या फाइलींना नुसते आकडे आहेत. फोल्डरची नावं 'नीट', 'नवीन नीट', 'नीट शेवटचं'. 'माझे लिखाण' नावाच्या फोल्डरात 2003-04 च्या फाइली आहेत, त्या उघडल्या तर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं येतात.

शिवाय घराचे, शेताचे कागद आहेत. आजोबांच्या वेळचे काही मोडीतले.

कोणती डिस्क घ्यावी, कुठलं सॉफ्टवेअर वापरावं, क्लाउडवर टाकावं का? सुरुवात कुठून करू तेच कळत नाही. मी पुण्यात असते, भाऊ सांगलीत.

निळी_शाई · 9 जून, रात्री 11:05

ताई, बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं. मी एका ग्रंथालयात जुन्या कागदांच्या डिजिटायझेशनचं काम बरीच वर्षं केलं, त्या अनुभवावरून लिहिते.

टकटक करणारी डिस्क पुन्हा पुन्हा लावून बघू नका. बहुतेकदा तो आवाज आतल्या हेडला जागा सापडत नसल्याचा असतो, आणि दर वेळी चालू करताना तबकडीवर ओरखडा उठण्याची भीती असते. तिच्यावर चिठ्ठी लावा आणि बाजूला ठेवा. तिच्यातलं काही बाकी कुठेच सापडलं नाही, तरच डेटा रिकव्हरी करणाऱ्या माणसाकडे न्या.

दुसरं, आत्ता काहीही पुसू नका आणि कशाचंही नाव बदलू नका. नवी डिस्क घ्या आणि प्रत्येक वस्तूसाठी एक फोल्डर करून आहे तसं उतरवून घ्या: 'डेस्कटॉप', 'निळा पेनड्राइव्ह', 'सीडी 14'. सीडीवर मार्करने तोच आकडा घाला, चिकटपट्टी लावू नका. आम्ही अशा फोल्डरला 'आवक' म्हणायचो. आवक कायम तशीच राहते. निवड, नावं, दुरुस्त्या, सगळं तिच्या दुसऱ्या प्रतीवर. बाबांच्या 'नीट' आणि 'नीट शेवटचं' मध्ये काय फरक होता ते पुढे कधीतरी कळेल, आज पुसलं तर कधीच नाही.

प्रती किती? आमच्या कामात तीन-दोन-एक हा नियम पाळतात. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने तो रूढ केला. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. तुमच्यासाठी 'घराबाहेर' म्हणजे पुराच्या रेषेबाहेर. एकाच गल्लीतल्या दोन घरांत दोन प्रती असल्या तरी नदीच्या हिशेबाने ती एकच.

डिस्कच्या आधी मात्र एक विचारते. आई किती वर्षांच्या आहेत? फोटोतली माणसं ओळखतात ना? डिस्क पुढच्या महिन्यात घेतली तरी चालेल.

गच्ची · 10 जून, सकाळी 8:20

वाचनखूण साठवली. माझ्याकडेही हेच आहे, फक्त पूर आलेला नाही.

खारेवारे · 10 जून, सकाळी 9:47

माझा फोटो स्टुडिओ चिपळूणच्या बाजारपेठेत होता. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी आत आली. निगेटिव्हचे खोके गेले. म्हणून हे मनापासून लिहितोय.

ताई, ती चिकटलेली चवड अजून आहे का? असेल तर फाडून सोडवू नका. ओले फोटो एकमेकांवर वाळले की वरचा जिलेटिनचा थर शेजारच्या कागदाला धरून बसतो. कधी कधी गार, स्वच्छ पाण्यात भिजवत ठेवलं की पुन्हा सुटतात. आधी एखादा कमी महत्त्वाचा फोटो घेऊन बघा, कारण पुरात खराब झालेला थर पाण्यात विरघळूनही जातो. जो जमेल त्याचा आधी आहे त्या अवस्थेत मोबाईलने फोटो काढून ठेवा.

पुढे कुणावर ही वेळ आली तर: फोटो ओले आहेत तोवरच वेगळे करायचे, गार पाण्यात चिखल हलक्या हाताने धुवायचा, चित्राची बाजू वर करून सावलीत पसरायचे. उन्हात नाही, इस्त्रीने नाही. एवढं करायला वेळ नसेल तर मध्ये बटरपेपर घालून पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवायचे. गोठले की नुकसान थांबतं आणि नंतर सावकाश काम करता येतं. त्या दिवशी हे मला कुणी सांगितलं असतं तर अर्धा संग्रह वाचला असता.

स्कॅनिंगचं: कागदपत्रं 300 डीपीआयला (दर इंचाला तेवढे ठिपके) पुरतात. हातात मावणारे जुने छापील फोटो 600 ला करा, निगेटिव्ह असेल तर 2400 च्या पुढे. निगेटिव्ह आणि प्रिंट दोन्ही असतील तर निगेटिव्हच घ्या, प्रिंटमध्ये नसलेला तपशील तिच्यात असतो. काच दर दहा फोटोंनी पुसा. आणि फोटोची पाठही स्कॅन करा. लोक पाठ सोडून देतात. स्टुडिओचा शिक्का, शाईने लिहिलेली तारीख, 'चि. सौ. कां.' असली एखादी ओळ, सगळं तिथे असतं.

ऐंशीच्या दशकातले ते चिकट पानांचे, वर प्लास्टिक असलेले अल्बम असतील तर त्यातले फोटो ओढून काढू नका. डिंक पिवळा पडून घट्ट धरतो. पान तसंच काचेवर ठेवून स्कॅन करा.

हळदपेठ · 10 जून, दुपारी 1:30

खारेवारे दादा, चवड आहे. बाबांनी टाकू दिली नव्हती. जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर ठेवलीय.

निळीशाईताई, आई 78 वर्षांची. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, पण मोठ्या पडद्यावर दाखवलं तर ओळखते. तुमचा प्रश्न वाचून काल झोप आली नाही.

गच्ची · 10 जून, संध्याकाळी 6:15

एक वेगळं मत मांडतो. 31 हजारांपैकी 28 हजार सुप्रभात आणि वाढदिवसाचे केक असणार. सगळंच जपलं तर कुणीच काही बघणार नाही. आधी दणकून छाटा, उरलेलं क्लाउडवर टाका आणि मोकळ्या व्हा. डिस्का घेऊन बसण्याचे दिवस गेले.

निळी_शाई · 10 जून, रात्री 9:40

छाटणीबद्दल पूर्ण सहमत, क्रमाबद्दल नाही. आधी आवक, मग छाटणी. व्हॉट्सॲपच्या बाबतीत सोपी खूण आहे. त्या फाइलींच्या नावात आठ आकड्यांची तारीख आणि पुढे 'डब्ल्यूए' असतं. त्या ढीगभर एका बाजूला काढता येतात. पण ती तारीख फोटो आल्याची असते, काढल्याची नाही, आणि पाठवताना फोटो लहान होतो, आतली मूळ तारीखही जाते. म्हणून कुणी नातेवाईक जुने फोटो पाठवणार असतील तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. तसं पाठवलं की फाइल जशीच्या तशी येते.

क्लाउड ही चांगली तिसरी प्रत आहे, एकमेव प्रत म्हणून मला ती पटत नाही. नियम बदलतात. गूगल फोटोजमधली अमर्याद मोफत साठवण 1 जून 2021 पासून बंद झाली. आता जीमेल, ड्राइव्ह, फोटो मिळून 15 जीबी मोफत. दोन वर्षं न वापरलेलं खातं आतल्या सगळ्यासकट काढून टाकलं जाऊ शकतं. ऑर्कुट 2014 मध्ये बंद झालं, तेव्हा आपल्यातल्या कितीजणांचे कॉलेजचे फोटो फक्त तिथेच होते, आठवा. शिवाय मोबाईलशी जुळवून ठेवलेल्या ठिकाणी एकीकडे पुसलं की दुसरीकडूनही जातं. ती प्रत नव्हे, तो आरसा झाला.

दूरदेशी · 11 जून, पहाटे 4:02

न्यू जर्सीहून लिहितोय. गूगलवरून सगळं उतरवून घ्यायला 'टेकआउट' आहे, मी गेल्या वर्षी आईबाबांच्या खात्याचं केलं. झिप फाइली येतात आणि फोटोंबरोबर त्यांची माहिती वेगळ्या जेसन (साध्या मजकुराच्या) फाइलींत येते. त्या कचरा समजून पुसू नका. तुम्ही तिथे लिहिलेली वर्णनं आणि दुरुस्त केलेल्या तारखा त्यांच्यातच असतात. 'एक्झिफटूल' या मोफत प्रोग्रॅमने ती माहिती फोटोच्या पोटात परत घालता येते. आज्ञा टाइप कराव्या लागतात, घरातल्या कुणा तरुण मुलाला बसवा.

एका ठिकाणी मी अडकलो होतो, म्हणून सांगतो. त्या जेसनमधली वेळ ग्रिनिचची असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहिल्या अंघोळीचे पहाटे पाचचे फोटो आदल्या रात्री साडेअकराचे दिसायला लागले आणि आमची नरकचतुर्दशी एक दिवस अलीकडे गेली. साडेपाच तास मिळवायला विसरू नका.

आणि बाबांचं सिम कार्ड चालू ठेवा. ओटीपी त्यावरच येतात. 90 दिवस काहीच वापर नसेल तर क्रमांक बंद होऊ शकतो. तुमच्या स्वतःच्या गूगल खात्यात 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आजच भरून टाका. ठरावीक महिने खातं वापरलं नाही तर कुणाला काय द्यायचं ते तिथे आधीच लिहून ठेवता येतं.

टाइपपट्टी · 11 जून, सकाळी 10:55

धागा आज पाहिला. 'माझे लिखाण' बद्दल लिहितो. मी कोल्हापुरात 1994 पासून डीटीपी करतोय.

ताई, ती फाइल बिघडलेली नाही. बाबांचा शब्द न् शब्द आत आहे. त्या काळी बहुतेक मराठी टंकांना एकसारखं कोडिंग नव्हतं. श्रीलिपी, आकृती, आयएसएमचा सुरेख, प्रत्येकाचा आपापला नकाशा. रोमन अक्षरांच्या घरांतच आपली अक्षरं बसवलेली असायची. तो फाँट कॉम्प्युटरवर असला की 'क' दिसणार, नसला की त्या घरातलं मूळ रोमन चिन्ह दिसणार. तुम्हाला दिसतात ती चिन्हं म्हणजे अंगरखा काढलेली मराठीच.

आधी फाँटचं नाव शोधा. वर्डमध्ये फाइल उघडून मजकुरावर क्लिक केलं की वरच्या पट्टीत दिसतं, फाँट नसला तरी नाव दिसतं. जुन्या डेस्कटॉपच्या फाँट्स फोल्डरची प्रत करून घ्या, तो खजिना आहे. मग त्या फाँटमधून युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या एकसारख्या कोडिंगमध्ये, बदलणारं कन्व्हर्टर वापरा. प्रत्येक फाँटचं कन्व्हर्टर वेगळं असतं.

बदललेलं मात्र वाचल्याशिवाय सोडू नका. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. रफारचं उलट, तेव्हा नंतर, आता आधी. कन्व्हर्टरला ही अदलाबदल करावी लागते आणि तिथेच तो चुकतो. 'वाऱ्यावर', 'सूर्य', 'कऱ्हाड', 'निर्मिती' असे शब्द खास बघा. ऱ्य आणि र्य ची हमखास गल्लत होते.

मूळ फाइल, तो फाँट, युनिकोड प्रत आणि एक पीडीएफ, चारही एकाच फोल्डरात ठेवा. पीडीएफ त्याच जुन्या फाँटमध्ये करा आणि फाँट फाइलीच्या आतच बसवा (एम्बेड करा), म्हणजे बाबांच्या पडद्यावर दिसायचं तसंच दिसेल.

बांधावरून · 11 जून, दुपारी 3:18

कागदांबद्दल थोडं. मोडीतले कागद लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका. टाचण्या आणि स्टेपल गंजून कागद खातात, त्या हलक्या हाताने काढा. घड्या उलगडून, स्कॅन करून, पाठीसकट, सपाट ठेवा. मोडी वाचणारे लोक अजून आहेत, स्कॅन पाठवून वाचून घेता येतं.

सातबारा आणि आठ-अ डिजिटल सहीचा सरकारच्या महाभूमी संकेतस्थळावरून मिळतो, सातबाऱ्याला 15 रुपये. ती सही पीडीएफ फाइलीतच असते. छापून पुन्हा स्कॅन केलं, किंवा पडद्याचा फोटो काढला, की सही गेली आणि नुसतं चित्र उरलं. म्हणून उतरवलेली मूळ फाइलच जपा. ई-आधारचंही तेच. त्याचा पासवर्ड नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल, एवढं घरातल्यांना सांगून ठेवा. डिजिलॉकरमध्ये 'इश्यूड' खाली येणारे कागद मुळाच्या बरोबरीचे मानले जातात, आपण स्वतः चढवलेले स्कॅन तसे नाहीत.

वारस नोंद बाकी असेल तर मृत्यू दाखल्याच्या जास्तीच्या मूळ प्रती आत्ताच काढून घ्या. जुने फेरफार आणि खरेदीखतं एका फोल्डरात, गट नंबरच्या नावाने. आमच्याकडे वर्षाच्या नावाने लावली होती, वेळेला काहीच सापडलं नाही.

हळदपेठ · 13 जून, रात्री 11:50

टाइपपट्टी दादा, फाँटचं नाव दिसलं. सुरेखच निघाला. डेस्कटॉपच्या फाँट्स फोल्डरात तो होता. पेनड्राइव्हवर घेऊन माझ्या लॅपटॉपवर टाकला आणि फाइल उघडली. एकेचाळीस पानं आहेत. बाबांच्या लहानपणीची सांगली, हळद साठवायच्या जमिनीखालच्या पेवांपासून सुरू होते. त्यांनी हे लिहिलंय हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आईलासुद्धा नाही.

आज एवढंच लिहिते.

टाइपपट्टी · 14 जून, सकाळी 7:05

युनिकोड केल्यावर तपासायला पाठवा. एकेचाळीस पानं मी वाचून देतो. पैशांचा विषय काढू नका.

निळी_शाई · 14 जून, सकाळी 9:30

डोळे भरून आले ताई.

आता आईंबरोबर बसण्याबद्दल. एका वेळी वीस-पंचवीस फोटो, अर्धा तास, बस. टीव्हीवर दाखवा. मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि प्रत्येक फोटोआधी त्याचा नंबर मोठ्याने म्हणा, म्हणजे नंतर आवाज आणि फोटो जुळवता येतात. 'हे कोण' एवढंच विचारू नका. 'हे कुठलं अंगण', 'ही साडी कुणी दिली होती' असं विचारलं की माणसं आपोआप येतात.

नावं लिहिताना बायकांची दोन्ही लिहा. आपल्याकडे तांदळावर अंगठीने नाव लिहिलं की माहेरची मुलगी फोटोतून नाहीशी होते. लग्नाआधीच्या फोटोत एक नाव, नंतरच्यात दुसरंच, आणि पुढच्या पिढीला त्या दोन वेगळ्या बायका वाटतात. माहेरचं पूर्ण नाव, सासरचं पूर्ण नाव, आणि घरात काय म्हणायचे ते.

ही नावं फोटोच्या फाइलीतच लिहिली गेली पाहिजेत. माझ्या स्वतःच्या घरी तीन वर्षं चेहऱ्यांना नावं दिली होती, ती सगळी त्या प्रोग्रॅमच्या डेटाबेसमध्ये राहिली. लॅपटॉप बदलला आणि फोटो आले, नावं आली नाहीत. 'डिजिकॅम' हा फोटो लावायचा प्रोग्रॅम मोफत आहे, त्यात माहिती फाइलीत लिहिण्याचा पर्याय सेटिंग्जमध्ये चालू करून घ्या. शिवाय प्रत्येक फोल्डरात एक साधी टेक्स्ट फाइल.

फोल्डरचं नाव वर्षापासून सुरू करा, '1974-05 मिरज मुंज' असं, आकडे इंग्रजीत, म्हणजे कुठल्याही यंत्रावर क्रम बरोबर लागतो. नक्की साल माहीत नसेल तर '197x'. अंदाज ठोकून नक्की साल लिहू नका, चुकीची तारीख पुढे खरी मानली जाते.

दूरदेशी · 14 जून, रात्री 11:12

कॅसेट असतील तर त्याही. माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या एका साठ मिनिटांच्या कॅसेटवर होत्या. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून लॅपटॉपला वायर लावून 'ऑडॅसिटी' या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये घेतल्या. कॅसेट लावण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि मागे फिरवून घ्या, वर्षानुवर्षं पडून राहिलेली टेप आत चिकटलेली असते.

हळदपेठ · 6 जुलै, रात्री 10:30

महिन्याचा हिशेब देते.

आवक पूर्ण झाली. तीन प्रती केल्या. एक माझ्याकडे, एक भावाकडे (दुसऱ्या मजल्यावर, तेही नदीपासून लांब, विश्रामबागेत), एक क्लाउडवर. कागदपत्रांच्या फोल्डरला कुलूप घातलंय, पासवर्ड भावाला आणि मला माहीत आहे, आईच्या पोथीच्या डब्यात लिहूनही ठेवलाय. टकटकणारी डिस्क अजून तशीच आहे. बाबांच्या बहुतेक स्कॅनच्या प्रती पेनड्राइव्हवर सापडल्या, त्यामुळे घाई नाही. चवडीतून खारेवारे दादांच्या पद्धतीने सात फोटो सुटले. आत्याच्या लग्नातला एक, त्यात नवरा-नवरी नाहीत, पंगत आहे. पण आजी वाढताना दिसतेय.

बाबांची एकेचाळीस पानं तपासून आली. एकशे बारा चुका निघाल्या, बहुतेक 'ऱ्या'च्या. त्या 'वाऱ्या'वरच्या.

आईबरोबर आतापर्यंत अकरा वेळा बसले. 230 फोटो झाले. बोलता बोलता ती मध्येच थांबते, मी रेकॉर्डिंग बंद करत नाही.

एका फोटोत अडकलोय. कडा करवतीसारख्या कातरलेल्या, काळा-पांढरा, गणपती मंदिरासमोर तीन मुली. मधली आई. डावीकडची आईची मैत्रीण, तिचं नाव मिळालं. उजवीकडची आईला आठवत नाही. पाठीवर शिक्का आहे, पण पुसट.

खारेवारे · 7 जुलै, सकाळी 8:15

तशा कातरलेल्या कडा पन्नास-साठच्या दशकांत फार चालायच्या, तेव्हा आईच्या वयाशी जुळतं. शिक्क्यावर बाजूने तिरपा उजेड पाडा, खोली अंधारी करून, आणि मग फोटो काढा. दाबाने उठलेली अक्षरं सावलीत दिसतात. नंतर त्याचा काळा रंग गडद करून बघा.

हळदपेठ · 7 जुलै, रात्री 9:02

केलं. शिक्क्यातलं 'मिरज' स्पष्ट वाचता आलं. आईला दाखवलं तर म्हणाली, मिरजेचा फोटोवाला म्हणजे मैत्रिणीच्या काकांकडचा, मग ती तिसरी मैत्रिणीची चुलत बहीण असणार. मैत्रीण अजून आहे, मिरजेतच असते. दोघींची भेट होऊन सहा वर्षं झाली. रविवारी आईला घेऊन जातेय, फोटो मोठा छापून घेतलाय.